समाजशास्त्र-मानवशास्त्राच्या अभ्यासाची संदर्भसाधनं: कुठून सुरुवात करावी, काय कसं वापरावं

समाजशास्त्र किंवा मानवशास्त्र नव्याने शिकायला घेतलं की साहित्याचा तुटवडा जाणवत नाही, उलट त्याचा पूर येतो. 'कुटुंब', 'धर्म', 'सत्ता' असा कुठलाही शब्द शोधायला टाका, हजारो लेख समोर येतात. त्यांतलं काय आधी वाचावं, काय नंतर आणि काय बाजूला ठेवावं हे सांगायला बहुतेकांजवळ कुणी नसतं. मग जे हाती लागेल ते वाचलं जातं आणि महिन्याभरात डोक्यात गोंधळ उरतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेले, दुसऱ्या शाखेतून इकडे वळलेले किंवा निव्वळ कुतूहलाने हे विषय वाचू पाहणारे, अशा सगळ्यांसाठी हा लेख लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. एखाद्या धातूचा वितळणबिंदू कोशात पाहिला, वहीत उतरवला की काम झालं. आपल्या विषयांत तसं होत नाही. इथल्या कोशांनी, सूच्यांनी, जनगणनांनी आणि सर्वेक्षणांनी माणसांची वर्गवारी केलेली असते. ती कुणी केली, कधी केली, कशासाठी केली, हा आपल्याच अभ्यासाचा भाग आहे. म्हणून प्रत्येक साधन हातात घेताना दोन प्रश्न विचारायचे: यातून मला काय मिळेल, आणि हे कुणी घडवलं आहे? ही सवय पहिल्या आठवड्यापासून लावून घ्या.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच प्रश्नाला धरून सांगतो, म्हणजे साधनं प्रत्यक्षात कशी चालतात ते दिसेल. प्रश्न असा: कुणी भेट दिली की परतफेड करावीच लागते असं माणसांना का वाटतं?

पहिली पायरी: प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

शोध सुरू करण्याआधी कागदावर प्रश्न लिहा आणि त्याचे तुकडे करा. 'परस्परता (दिल्याची परतफेड करणं) म्हणजे काय' हा संकल्पनेचा प्रश्न झाला, त्याला कोश लागतो. 'या विषयावर अभ्यासकांत काय वाद झाले' हा चर्चेचा प्रश्न, त्यासाठी आढावा घेणारे लेख लागतात. 'अमुक समाजात भेटी कशा दिल्या जातात' याचं उत्तर एथ्नोग्राफीत, म्हणजे क्षेत्रकार्यावर आधारलेल्या तपशीलवार वर्णनात मिळेल. 'अनेक समाजांत असं आढळतं का' याला तुलनात्मक संग्रह हवा, आणि 'किती लोक असं वागतात' याला सर्वेक्षणाची आकडेवारी.

नवखे अभ्यासक बहुधा इथेच अडखळतात. संकल्पनेचं उत्तर आकडेवारीत शोधतात, नाहीतर एका बेटावरच्या वर्णनातून 'माणूस असाच असतो' असा निष्कर्ष काढतात. प्रश्नाचे तुकडे नीट पडले की अर्धा शोध तिथेच होतो.

दुसरी पायरी: कोश, पण एकच नव्हे

छोट्या व्याख्येसाठी एक खंडाचा शब्दकोश पुरतो. समाजशास्त्रासाठी ऑक्सफर्ड आणि पेंग्विन या दोन्ही प्रकाशनांचे शब्दकोश बहुतेक ग्रंथालयांत असतात. सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्रासाठी ॲलन बर्नार्ड आणि जोनाथन स्पेन्सर यांनी संपादित केलेला, १९९६ मध्ये प्रथम निघालेला ज्ञानकोश मला फार उपयोगी वाटतो. त्यात मोठ्या नोंदी आहेतच, शिवाय शेवटी अभ्यासकांचा चरित्रात्मक परिचय आणि पारिभाषिक शब्दांची यादीही आहे. वाचताना अनोळखी नाव आलं की मागची पानं उलटायची, आणि पुन्हा आपल्या वाचनाकडे यायचं.

पैसे न मोजता मिळणारं साधन हवं असेल तर ओपन एन्सायक्लोपीडिया ऑफ अँथ्रोपॉलॉजी हा ऑनलाइन कोश पाहा. तो पूर्वी केंब्रिजच्या नावाने ओळखला जाई. त्यातल्या नोंदी त्या त्या विषयात काम करणाऱ्या मानवशास्त्रज्ञांनी स्वतःच्या नावानिशी लिहिल्या आहेत, आणि प्रत्येक नोंदीला भरपूर संदर्भसूची जोडलेली आहे. मराठीत वाचायचं असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत उपलब्ध आहे, आणि स. मा. गर्गे यांनी संपादित केलेला भारतीय समाजविज्ञान कोश ग्रंथालयात मिळतो. आपल्या भाषेत एखादी संकल्पना एकदा नीट पचली की इंग्रजीतला लेख वाचणं बरंच सोपं जातं. म्हणून ही पायरी कमी दर्जाची समजू नका. फक्त नोंद कधी लिहिली गेली आहे ते लक्षात ठेवा.

या विषयांत मोठे बहुखंडी ज्ञानकोश तीन वेळा नव्याने रचले गेले. पहिला १९३० ते १९३५ या काळात, एडविन सेलिग्मन यांच्या संपादनाखाली, १५ खंडांत. दुसरा १९६८ मध्ये डेव्हिड सिल्स यांच्या संपादनाखाली, १७ खंडांत. तिसरा २००१ मध्ये नील स्मेल्सर आणि पॉल बाल्टेस यांच्या संपादनाखाली, २६ खंडांत, आणि त्याची दुसरी आवृत्ती २०१५ मध्ये आली. नवखे वाचक सहसा सगळ्यांत ताजा कोश उघडतात आणि जुन्यांकडे फिरकत नाहीत. मी उलटं सुचवेन. एकच नोंद तिन्ही ठिकाणी वाचा. 'संस्कृती' हीच घ्या: १९३१ मध्ये ती ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी लिहिली, १९६८ च्या कोशात मिल्टन सिंगर यांनी. पहिल्या नोंदीत संस्कृती माणसाच्या गरजा कशा भागवते यावर भर आहे. दुसरीत संस्कृतीची संकल्पनाच कशी घडत गेली, निरनिराळ्या परंपरांनी तिच्याकडे कसं पाहिलं, याचा हिशोब मांडलेला आहे. दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्या की विषय कसा सरकत गेला ते दोन तासांत कळतं. एकच पाठ्यपुस्तक वाचून ते कळायला वर्ष जाईल.

व्याख्या पाठ करण्याच्या मोहात मात्र पडू नका. १९५२ मध्ये आल्फ्रेड क्रोबर आणि क्लाइड क्लकहोन यांनी 'संस्कृती' या एका शब्दाच्या दीडशेहून अधिक व्याख्या गोळा करून त्यांची गटवारी केली होती. तेव्हा परीक्षेत 'व्याख्या द्या' असं विचारलं असलं तरी, आपण देतो ती व्याख्या कुणाची आणि कोणत्या गटातली हे सांगता आलं पाहिजे.

तिसरी पायरी: आढावा घेणारे लेख

माझ्या मते नवख्यांच्या सगळ्यांत जास्त उपयोगाची आणि सगळ्यांत कमी वापरली जाणारी साधनं ही आहेत. ॲन्युअल रिव्ह्यू ऑफ अँथ्रोपॉलॉजी १९७२ पासून आणि ॲन्युअल रिव्ह्यू ऑफ सोशिऑलॉजी १९७५ पासून दरवर्षी निघतं. यात नवं संशोधन मांडलेलं नसतं. एखाद्या विषयावर आतापर्यंत काय काम झालं, कोणाचं कोणाशी पटलं नाही, कुठे जागा रिकामी आहे, हे एखादा जाणकार वीसेक पानांत सांगतो. अलीकडच्या वर्षांतले खंड सगळ्यांना वाचायला खुले आहेत.

असा लेख पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात वाचू नका. आधी सारांश, मग उपशीर्षकं, मग शेवटची संदर्भसूची. त्या सूचीत एकाच लेखकाची तीन-चार कामं दिसली की ते नाव बाजूला लिहून ठेवा. मग लेख वाचा. आता मजकुरात ती नावं भेटली की ओळखीची वाटतात.

याच्या जोडीला ऑक्सफर्ड बिब्लिओग्राफीज नावाच्या भाष्यासहित सूच्या आहेत. त्यांत प्रत्येक पुस्तकाखाली दोन-तीन वाक्यांत ते कशासाठी वाचावं हे लिहिलेलं असतं. संपूर्ण सूचीसाठी संस्थेची वर्गणी लागते.

वाद प्रत्यक्ष बघायचा असेल तर करंट अँथ्रोपॉलॉजी हे १९५९ पासूनचं नियतकालिक चाळा. यात मुख्य लेखाच्या खालीच इतर अभ्यासकांचे अभिप्राय छापतात आणि सर्वांत शेवटी मूळ लेखकाचं उत्तर असतं. कोण कशावर आक्षेप घेतो, पुरावा अपुरा आहे म्हणून की पद्धत चुकली म्हणून, हे एकाच जागी दिसतं. वर्गात कुणी शिकवत नाही असं हे शिक्षण आहे. महिन्यातून एक तरी असा लेख अभिप्रायांसकट वाचा.

चौथी पायरी: तळटिपेचा माग मागे आणि पुढे

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. कोशात 'भेट' किंवा 'परस्परता' ही नोंद उघडली की पहिलं नाव फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांचं येतं. त्यांचा भेटीवरचा निबंध लानी सोसिओलॉजिक या फ्रेंच वार्षिकाच्या १९२३-२४ च्या अंकात आला आणि तो अंक प्रत्यक्षात १९२५ मध्ये निघाला. इंग्रजीत त्याची भाषांतरं १९५४, १९९० आणि २०१६ मध्ये झाली. म्हणून कुठे 'मॉस १९५४' तर कुठे 'मॉस १९९०' असं लिहिलेलं दिसतं. हे दोन निबंध नव्हेत, एकच आहे. टिपणात मूळ वर्ष आणि वापरलेल्या आवृत्तीचं वर्ष अशी दोन्ही लिहायची सवय लावा, नाहीतर १९२५ चा विचार तुम्ही १९९० चा समजून बसाल.

मॉस यांनी स्वतः क्षेत्रकार्य केलं नव्हतं. त्यांचा सगळा निबंध इतरांच्या नोंदींवर उभा आहे. न्यूझीलंडच्या माओरी समाजातल्या 'हाउ' या कल्पनेवर त्यांनी भर दिला: दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचं काहीतरी उरतं आणि ते परत जाऊ पाहतं. ही माहिती आली कुठून? तळटिपेत एल्सडन बेस्ट यांचं नाव सापडतं. बेस्ट यांनी ती तामाती रानापिरी या माओरी जाणकाराकडून मिळवून छापली होती. म्हणजे आपण मॉस वाचतो तेव्हा रानापिरी यांचं सांगणं दोन हातांतून आपल्यापर्यंत येतं. पुढे १९२९ मध्ये रेमंड फर्थ यांनी मॉस यांच्या अर्थावर आक्षेप घेतला. १९७२ मध्ये मार्शल साहलिन्स यांनी मूळ माओरी मजकुराचा भाषातज्ज्ञाकडून नव्याने अनुवाद करून घेतला आणि वेगळा अर्थ मांडला: तिथे बोलणं वस्तूतल्या आत्म्याइतकंच तिच्यातून निघणाऱ्या लाभाविषयी आहे, आणि दुसऱ्याच्या भेटीतून झालेला लाभ आपल्यापाशी ठेवून घेणं योग्य नाही.

हा झाला मागे जाणारा माग: लेखातून तळटिपेत, तिथून मूळ स्रोतात. पुढे जाणारा माग गूगल स्कॉलरमध्ये मिळतो. कुठल्याही कामाखाली ते पुढे कुणी कुणी उद्धृत केलं याची यादी असते. मॉस यांच्या बाबतीत ती यादी इतकी मोठी आहे की थेट वाचणं अशक्य. त्या यादीच्या आतच पुन्हा शोध घ्यायची सोय आहे, तिथे आपला नेमका शब्द टाकायचा. वेब ऑफ सायन्समधली सोशल सायन्सेस सायटेशन इंडेक्स हेच काम जास्त काटेकोरपणे करते, पण त्यासाठी ग्रंथालयाची वर्गणी लागते.

समाजशास्त्राकडे वळलो तर आल्विन गूल्डनर यांचा १९६० चा परस्परतेच्या नियमावरचा लेख सापडेल. थिओडोर कॅपलो यांनी मिडलटाउन या नावाने अभ्यासल्या गेलेल्या अमेरिकन शहरातल्या नाताळच्या भेटींवर १९८२ आणि १९८४ मध्ये लिहिलेले लेखही सापडतील. दूरच्या बेटावरचा प्रश्न आधुनिक शहराला कसा विचारायचा, हे शिकायला कॅपलो उत्तम आहेत.

एकाच समाजाकडे दोघांनी पाहिलं असेल तर दोन्ही वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. मॅलिनोव्स्की १९१५ ते १९१८ या काळात ट्रोब्रियंड बेटांवर राहिले. १९२२ च्या ग्रंथात त्यांनी कुला नावाच्या देवघेवीचं वर्णन केलं. लाल शिंपल्यांच्या माळा एका दिशेने आणि पांढऱ्या शंखांची कडी उलट दिशेने बेटाबेटांमधून फिरत राहतात. हे वर्णन इतकं प्रभावी आहे की वाचणाऱ्याला ट्रोब्रियंड म्हणजे पुरुषांच्या होड्या आणि पुरुषांचे सौदे एवढंच दिसतं. १९७० च्या दशकात ॲनेट वायनर तिथे गेल्या. कुणी वारलं की होणाऱ्या विधींत बायका केळीच्या पानांच्या जुड्या आणि तंतूंचे घागरे मोठ्या प्रमाणावर वाटतात, ही संपत्ती बायकांच्या ताब्यात असते आणि मृताच्या नात्यांचा हिशोब तीच मिटवते, हे त्यांनी १९७६ च्या पुस्तकात दाखवलं. मॅलिनोव्स्की यांच्या मांडणीत त्याला जवळपास स्थान नव्हतं. ते खोटं लिहीत नव्हते; ते जिथे उभे होते तिथून हे महत्त्वाचं दिसत नव्हतं. एथ्नोग्राफी वाचताना लेखक कुणाबरोबर वावरला, कुणाशी बोलला, कोणत्या भाषेत बोलला, हे प्रस्तावनेतून शोधून काढा. प्रस्तावना गाळून थेट प्रकरणांवर जाणं हे मोठं नुकसान आहे.

मॅलिनोव्स्की यांचा १९२२ चा ग्रंथ आणि त्या काळातली इतर बरीच जुनी कामं इंटरनेट आर्काइव्हवर मोफत मिळतात. फ्रेंच येत असेल तर केबेकमधल्या विद्यापीठाच्या आधाराने चालणारा ले क्लासिक दे सियांस सोसियाल हा संग्रह पाहा. दुर्खीम, मॉस यांचं मूळ लेखन तिथे आहे.

पाचवी पायरी: अनेक समाजांची तुलना

'सगळीकडे असंच असतं का' या प्रश्नासाठी ह्यूमन रिलेशन्स एरिया फाइल्स हे साधन आहे. १९४९ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या आश्रयाने ते उभं राहिलं. त्यामागची कल्पना जॉर्ज मर्डॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. जगभरच्या एथ्नोग्राफी घ्यायच्या आणि त्यांच्या प्रत्येक परिच्छेदावर विषयाचे क्रमांक टाकायचे. क्रमांकांची यादी ठरलेली आहे: ४३१ म्हणजे भेट देणं, ५८४ म्हणजे लग्न ठरवणं, ७६४ म्हणजे अंत्यविधी. आज हे सगळं ऑनलाइन आहे. ४३१ टाका, हवे ते समाज निवडा, आणि त्या त्या पुस्तकातला भेटीवरचा नेमका परिच्छेद समोर येतो. पुस्तकाच्या निर्देशसूचीत 'भेट' हा शब्द नसला तरीही.

परिच्छेद मिळाला की लगेच उतरवून घेऊ नका. त्या ग्रंथाची माहिती देणारं पान उघडा. लेखक मानवशास्त्रज्ञ होता, धर्मप्रचारक होता की सरकारी अधिकारी, तो तिथे कधी होता, वर्णन कोणत्या काळाचं आहे, हे तिथे दिलेलं असतं. शक्यतो मूळ पुस्तकातलं ते आख्खं प्रकरण वाचा. तोडून काढलेल्या परिच्छेदाला आपण मनाजोगता अर्थ सहज देतो.

संपूर्ण संग्रहाला सदस्यत्व लागतं, पण त्याच संस्थेने संशोधनाच्या निष्कर्षांचे विषयवार सारांश मोफत ठेवले आहेत. डी-प्लेस हा २०१६ पासूनचा माहितीसंच पूर्ण मोफत आहे. त्यात समाजांची सांस्कृतिक वैशिष्ट्यं, भाषा आणि परिसर एकत्र नकाशावर दिसतात.

तुलना करताना दोन अडचणी ठाऊक हव्यात. पहिली काळाची. मर्डॉक आणि डग्लस व्हाइट यांनी १९६९ मध्ये १८६ समाजांचा एक नमुना तयार केला आणि प्रत्येक समाज ठरावीक जागी, ठरावीक वर्षाला बांधून ठेवला. त्यात इसवी सनपूर्व १७५० च्या आसपासचे बॅबिलोनी लोकही आहेत. 'अमुक लोक असं करतात' असं वर्तमानकाळात लिहिताना तो वर्तमान कोणत्या वर्षाचा हे सांगा. दुसरी अडचण खूप जुनी आहे. १८८८ मध्ये एडवर्ड टायलर यांनी शेकडो समाजांतल्या विवाहाच्या आणि वंशपरंपरेच्या चालींची तुलना मांडली. तेव्हा फ्रान्सिस गाल्टन यांनी विचारलं की यांतले किती समाज एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र आहेत. शेजाऱ्याची चाल शेजाऱ्याने उचलली असेल तर ती दोन उदाहरणं धरता येतील का? ही शंका आजही गाल्टनची समस्या म्हणून ओळखली जाते, आणि दहा समाजांची उदाहरणं देऊन सार्वत्रिक नियम सांगणाऱ्या प्रत्येक लेखाला ती विचारायला हवी.

क्षेत्रात काय नोंदवायचं याच्या प्रश्नावल्याही जुन्या काळापासून आहेत. नोट्स अँड क्वेरीज ऑन अँथ्रोपॉलॉजी १८७४ मध्ये निघालं, 'असंस्कृत प्रदेशांतील प्रवासी आणि रहिवाशांच्या वापरासाठी' असं त्याच्या शीर्षकातच लिहिलं होतं. सहावी आवृत्ती १९५१ मध्ये आली. जुन्या वर्णनांत अमुकच गोष्टी का नोंदल्या गेल्या आणि तमुक का राहिल्या, याची कारणं अशा प्रश्नावल्यांत सापडतात.

सहावी पायरी: आकडेवारी वाचण्याआधी प्रश्नावली वाचा

सर्वेक्षणांचा माहितीसाठा सहज मिळतो. मिशिगन विद्यापीठातलं आयसीपीएसआर हे १९६२ पासूनचं मोठं भांडार. अमेरिकेसाठी जनरल सोशल सर्व्हे १९७२ पासून आहे, आणि अनेक देशांसाठी १९८१ पासून वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे. यांतला बराच भाग नोंदणी करून मोफत उतरवून घेता येतो.

पण आकडे उघडण्याआधी कोडबुक (कोणता आकडा कोणत्या उत्तरासाठी आहे हे सांगणारी पुस्तिका) आणि प्रश्नावली उघडा. विश्वासाविषयीचा प्रसिद्ध प्रश्न घ्या: 'बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, की लोकांशी वागताना फार जपून राहावं लागतं?' या एका प्रश्नाच्या बळावर देशांची क्रमवारी लावणारे असंख्य लेख निघाले. २०११ मध्ये अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यूमध्ये आलेल्या एका अभ्यासाने विचारलं की उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे 'बहुतेक लोक' म्हणजे कोण असतात. काही देशांत अनोळखी माणसंही त्यात धरली जातात, काहींत मुख्यतः ओळखीचीच. हा फरक हिशोबात घेतला की देशांचा क्रम बदलतो. भेटींबद्दल कुणी 'गेल्या वर्षात किती भेटी दिल्या' असं विचारलं असेल, तर पैसे, अन्न, मदत यांतलं काय 'भेट' म्हणून मोजलं होतं, ते मुलाखत घेणाऱ्यांच्या सूचनांत शोधा. नमुना निवड कशी झाली, किती जणांनी उत्तर द्यायला नकार दिला, हेही तिथेच असतं.

ग्रंथालयात

ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे विषयांना क्रमांक देऊन पुस्तकं लावण्याच्या पद्धतीत, समाजशास्त्र ३०१ ते ३०७ मध्ये, चालीरीती आणि लोकविद्या ३९० मध्ये, तर शारीरिक मानवशास्त्र थेट ५९९.९ मध्ये, प्राणिशास्त्राच्या शेजारी. त्यामुळे आपल्या एका प्रश्नाची पुस्तकं तीन-चार कपाटांत विखुरलेली असतात. भेटीसाठी ३०६ आणि ३९४ दोन्हीकडे नजर टाका. सूचीत एक चांगलं पुस्तक सापडलं की त्याला दिलेल्या विषयशीर्षकांवर टिचकी मारा, त्याच जातीची बाकीची पुस्तकं बाहेर येतात.

लेखांसाठी सोशिऑलॉजिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स आणि लंडनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटची अँथ्रोपॉलॉजिकल इंडेक्स ऑनलाइन या विषयसूच्या आहेत. सर्वसाधारण शोधयंत्रापेक्षा इथे कचरा फार कमी येतो. लेख वर्गणीच्या भिंतीमागे असेल तर लेखकाच्या विद्यापीठाच्या पानावर त्याची आधीची प्रत शोधा. नाही मिळाली तर लेखकाला सरळ, नम्र ईमेल पाठवा. आपला लेख कुणीतरी वाचू पाहतं आहे याचा लेखकांना आनंदच होतो. आणि संदर्भ विभागातल्या ग्रंथपालाला प्रश्न पूर्ण वाक्यात सांगा. 'भेटींवर काही आहे का' असं विचारण्यापेक्षा 'भेटीच्या परतफेडीवरची एथ्नोग्राफी हवी आहे' म्हटलं तर खूप जास्त हाती लागतं.

विकिपीडियावर जायला हरकत नाही, पण तिथला मजकूर उद्धृत करू नका, खालच्या संदर्भांपर्यंत जा. एआयला विचारलेले संदर्भ तर एकेक करून ग्रंथालयाच्या सूचीत तपासलेच पाहिजेत, कारण अस्तित्वात नसलेली पुस्तकं खऱ्या लेखकांच्या नावावर, पानांच्या क्रमांकासह मिळू शकतात.

टिपणं, आणि शोध कधी थांबवायचा

झोटेरो हे संदर्भ साठवून लावून ठेवणारं मोफत सॉफ्टवेअर पहिल्या दिवशीच बसवा. पाचशे संदर्भ झाल्यावर ते लावत बसणं जिवावर येतं. प्रत्येक नोंदीत पान क्रमांक, मूळ वर्ष, वापरलेली आवृत्ती आणि ते काम तुमच्यापर्यंत कुठून आलं ते लिहा. लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत आणि स्वतःचे विचार वेगळ्या रंगात ठेवा. सहा महिन्यांनी कोणतं वाक्य कुणाचं हे आठवत नाही. दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेलं अवतरण असेल तर 'अमुकने उद्धृत केलेलं' असं प्रामाणिकपणे लिहा. रानापिरी यांचं म्हणणं मॉसमधून घेतलं असेल तर तसंच लिहावं.

जुन्या एथ्नोग्राफीत कधीकधी त्या समाजाने जपून ठेवलेल्या, बाहेर न सांगण्याच्या गोष्टी असतात. मृतांची छायाचित्रं असतात, विधीतले मंत्र असतात. ऑनलाइन खुलं आहे म्हणून ते वापरायला खुलं झालं असं नव्हे. त्या समाजाने किंवा त्यांच्या संस्थांनी याबद्दल काही म्हटलं आहे का ते शोधून मगच वापर ठरवा.

शोध कधी थांबवावा, असं प्रत्येक नवखा अभ्यासक विचारतो. नवा लेख उघडला आणि त्याच्या संदर्भसूचीतली बहुतेक नावं तुमच्या यादीत आधीच असली, वादाच्या दोन्ही बाजू न बघता सांगता आल्या, आणि किमान एका समाजाचं वर्णन मूळ ग्रंथातून वाचून झालं असेल, तर लिहायला बसा. लिहिताना जी जागा रिकामी दिसेल तेवढ्यापुरतं पुन्हा सूचीकडे जायचं.